वहीचा उजवा रकाना

चि. सायली हिस,
अनेक आशीर्वाद.

तू पहाटे भांडुपहून निघतेस तेव्हा मी सेकंड शिफ्ट करून झोपलेलो असतो, आणि मी घरी येतो तेव्हा तू. म्हणून लिहून ठेवतोय. टेबलावरची तुझी दोनशेपानी वही चाळली, रागावू नकोस. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, मधे पट्टीनं मारलेली रेघ. दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि अकरावीला एकदम सगळं इंग्रजीतून, त्यासाठी ही धडपड चाललीय हे कळतं. पण तो उजवा रकाना काही मला पटला नाही.

'बॉरो'पुढे तू 'उसने घेणे' लिहिलंयस, 'लेंड'पुढे 'उसने देणे'. चूक काहीच नाही. पण वर्गात शेजारणीकडे पेन मागायची वेळ आली की या दोनांतला कुठला वापरायचा, तिथे गाडी अडते. आपण मराठीत नुसतं 'पेन दे गं जरा' म्हणून मोकळे होतो ना! त्याऐवजी असं लिही: 'बॉरो: टु टेक समथिंग अँड गिव्ह इट बॅक लेटर.' खाली वाक्य: 'कॅन आय बॉरो युअर पेन?' आणि 'लेंड'खाली: 'कॅन यू लेंड मी युअर पेन?' एकात घेणारी मी, दुसऱ्यात देणारी तू. अर्थ पाठ करून हे तोंडात बसत नाही, वाक्य चार वेळा म्हटलं की बसतं.

सोप्या इंग्रजीतच अर्थ सांगायचा, ही युक्ती जुनी आहे आणि ती निघाली आपल्यासारख्यांसाठीच. मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षक ढाक्यात होते. बंगाली मुलांना इंग्रजी वाचता कसं येईल, हा त्यांचा ध्यास. 1935 साली त्यांनी एंडिकॉट यांच्याबरोबर एक डिक्शनरी काढली. आत सुमारे 24,000 शब्द आणि वाक्प्रयोग, पण सगळ्यांचे अर्थ अवघे 1490 वेगवेगळे सोपे शब्द वापरून सांगितलेले! हॉर्नबी नावाचे दुसरे इंग्रज शिक्षक जपानात शिकवायचे. त्यांची डिक्शनरी 1942 मध्ये टोकियोत छापली गेली आणि पुढे तीच ऑक्सफर्डनं काढली. 1978 मध्ये लाँगमन प्रकाशनाची आली, तिनं अर्थ सांगायला साधारण 2000 शब्द धरले. म्हणजे तुला आधी एवढेच पक्के करायचेत, आणि त्यातले बरेच तुला आत्ताच येतात. बाकीचे त्यांच्या आधारानं आपले आपण वाचता येतील.

खरं तर ही शिकवणी तुझी रोज फुकट चालू आहे. गाडी लेट झाली की प्लॅटफॉर्मवर बाई आधी मराठीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत सांगते: 'द इन्कन्व्हिनियन्स कॉज्ड इज डीपली रिग्रेटेड.' 'इन्कन्व्हिनियन्स' तू कधी डिक्शनरीत बघितलास का? तरी कळतो. शिवाय 'रिग्रेट'च्या जोडीला 'डीपली' येतं, हेही कानावर पडून गेलं. पावसाचं तसंच. मराठीत जोराचा पाऊस, पण 'स्ट्राँग रेन' म्हणालीस तर कानाला खटकेल, तिथे 'हेवी रेन'च. असे जोडीनं राहणारे शब्द जोडीनंच लिहायचे.

वाक्य मात्र पुस्तकातलं उतरवू नकोस, घरातलं कर. 'रिलक्टंट'चा अर्थ 'नॉट वाँटिंग टु डू समथिंग'. वाक्य मी देतो: 'आजी इज रिलक्टंट टु टेक हर बीपी टॅब्लेट.' आता विसरून दाखव. (आजीला वाचून दाखवू नकोस, मग खरंच घेणार नाही.)

सगळीकडे हा हट्ट धरायचाही नाही. 'क्युमिन'चा अर्थ कुठल्याशा झाडाच्या वाळलेल्या बिया, मसाल्यात घालतात, असा मिळेल. त्यावरून जिरं का बडीशेप ते कोण ओळखणार? अशा ठिकाणी सरळ 'जिरं' लिहायचं आणि पुढे जायचं. भाज्या, मासे, झाडं, पक्षी यांना मराठीच बरी. तुमच्या सायन्सच्या शब्दांचं तुमच्या मॅडमना विचार, तिथे माझं डोकं चालत नाही.

शनिवारी मला सुट्टी आहे. जेवून निघू आणि फाउंटनच्या फुटपाथवर जुनी डिक्शनरी बघू. कव्हरवर 'लर्नर्स' लिहिलेलं असेल तीच घ्यायची. नुसती जाडजूड घेतलीस तर सोपा शब्द अवघड शब्दांत समजावलेला मिळेल. पाच-सात वर्षं जुनी असली तरी चालेल, रोजचे शब्द काही बदललेले नसतात. मोबाइलवरही मिळते, उच्चारही ऐकू येतो, तो जरूर ऐकत जा. पण मोबाइल उघडलास की तू डिक्शनरीत किती वेळ थांबतेस ते मला ठाऊक आहे.

भाव मी करीन, तू मधे बोलू नकोस.

तुझा,
बाबा