घरच्या दुरुस्तीत कानस काऊन विसरली?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेतीच्या पुरवणीत घरच्या घरी अवजारं दुरुस्त करायवर पानभर मजकूर आला, मी तो दोनदा वाचला. चांगला होता, वेल्डिंग मशीन कोणती घ्या, ग्राइंडर कोणता घ्या, ड्रिल कोणतं घ्या सगळं होतं, पण कानशीचं, म्हणजे लोखंड घासायच्या दातेरी पट्टीचं, नाव एका ओळीतही नाही म्हणून हे पत्र लिहून राहिलो. मी आर्वी तालुक्यातला शेतकरी. पोरवयात आयटीआयला फिटर ट्रेड केला, तिथं सुरुवातीला कित्येक दिवस आमच्या हातात फक्त कानसच असायची, लोखंडाचा एक तुकडा घ्यायचा आणि चारही बाजूनं गुण्यात, म्हणजे काटकोनात आणायचा.

आता आमच्या गावात घरोघरी चार इंची ग्राइंडर आला. विळा बोथट झाला लाव ग्राइंडर, कुट्टीचं पातं गेलं लाव ग्राइंडर. धार दोन मिनिटात चमकते पण धारेवर निळी झाक आली का समजा पाणी उतरलं, म्हणजे पात्याचा कडकपणा गेला, मग ते पातं दोन दिवसात परत बोथट, आणि माणूस म्हणते लोखंडच खराब होतं. लोहारानं मेहनतीनं दिलेलं पाणी आपण मिनिटात जाळून टाकतो, याचं मला खरंच वाईट वाटते. कुऱ्हाड, विळा, वखराची पास यांना कानस पुरते, आणि वावरात वीज नसली तरी चालते. आधी कानस हळूच लावून पाहायची. दाते धरले तर कानशीनं धार लावा, काचेवरून गेल्यासारखी घसरली तर ते पातं लय कडक आहे, तिथं जोर लावाल तर पात्याला काही होणार नाही, कानशीचेच दाते जातील. असं पातं दगडावर घासा, पाणी टाकत टाकत. पऱ्हाटी उपटायच्या चिमट्याचे दाते गुळगुळीत झाले की लोकं नवा चिमटा आणतात, माझ्याकडं तिकोनी कानशीनं परत पाडलेला चिमटा अजून चालून राहिला.

आता निवडायचं. तालुक्याच्या हार्डवेअरमधे कानस मागितली की एकच काढून देतात, बारा इंची चपटी बास्टर्ड, म्हणजे जाड दात्यांची. ती लोखंड खायला चांगली पण तेवढ्यावर काम होत नाही. बास्टर्डनंतर सेकंड कट, मग स्मूथ, असे दाते बारीक होत जातात. इंच मोजतात ते मुठीत जाणारी शेपटी सोडून. आणि एक गोष्ट दुकानदारही सांगत नाही, नाव तेच असलं तरी लांब कानशीचे दाते मोठे असतात, बारा इंची सेकंड कट आणि सहा इंची सेकंड कट शेजारी धरून पाहा, समजते. घरी ठेवायच्या तं मी म्हणतो बारा इंची चपटी बास्टर्ड, दहा इंची हँड सेकंड कट, आठ इंची अर्धगोल, सहा इंची स्मूथ आणि एक तिकोनी. हँड कानशीची रुंदी शेवटपर्यंत सारखी असते आणि एका कडेला दाते नसतात, त्याला सेफ एज म्हणतात, काटकोनातला खांदा घासताना एक बाजू कापायची आणि दुसरीला धक्का लावायचा नाही तेव्हा हीच लागते. रत्नागिरी जिल्ह्यात जेके कंपनीच्या कानशी बनतात, म्हणजे माल आपल्याच राज्यात बनते, आणि आम्हाला सहा इंची स्मूथसाठी नागपूरला जा लागते.

मागच्या हंगामात कुट्टीच्या मोटरवरच्या पुलीची चावी, म्हणजे पुली दांड्यावर फिरू नये म्हणून खाचेत ठोकतात तो लोखंडी तुकडा, तुटली. त्याआधी कोणीतरी ग्राइंडरनं कापलेला ढिला तुकडा ठोकून दिला होता, पुली हलून हलून खाच रुंद व्हायला लागली होती. मी चौरस बारचा तुकडा आरीनं कापला, बास्टर्डनं बराचसा उतरवला, थोडंसंच राहिलं तेव्हा सेकंड कट घेतली, शेवटी स्मूथ. चारही बाजूंना मार्कर फासायचा, खाचेत हातानं दाबून पाहायचं, जिथं मार्कर पुसला तिथंच घासायचं, परत मार्कर परत दाबायचं, असं पंधरा-वीस वेळा केलं. कडा थोड्या मारल्या म्हणजे कोपऱ्यात अडत नाही. दुपार गेली पण चावी हलक्या ठोक्यानं बसली आणि आजपर्यंत हललेली नाही.

घासताना कानस पुढं जातानाच कापते, मागं आणताना उचलायची, आमचे पोट्टे मागं-पुढं दोन्हीकडं रगडतात आणि महिनाभरात दाते गोल करतात. व्हाइस, म्हणजे काम पकडायचा शिकंजा, कोपराच्या उंचीवर पाहिजे, काम व्हाइसच्या जबड्याजवळ धरायचं नाहीतर थरथरते. वेल्डिंगच्या खपल्यावर आणि काळ्या बारच्या पापुद्र्यावर चांगली कानस चालवू नका, तो पापुद्रा कडक असते, आधी जुन्या कानशीच्या कडेनं खरडून घ्या. नवीन कानस असेल तर पहिल्यांदा पितळेवर वापरा, मग लोखंडावर. ॲल्युमिनियम घासताना दात्यात कीस अडकून कामावर चरे पडतात, म्हणून आधी खडू घासायचा, मधून मधून तारेच्या ब्रशनं दात्याच्या दिशेनं झाडायचं. तेल लावायचं नाही, घसरते. कानशी एका डब्यात एकमेकीवर टाकू नका, ठोकायला आणि उचकायला तं अजिबात वापरू नका, कडक असल्यानं ती काचेसारखी तुटते.

आणि मुठीशिवाय कानस हातात घ्यायची नाही, कोणीही असो. माझ्या लहान्या भावाच्या तळहातात शेपटी घुसली होती, कापूस वेचायच्या ऐन दिवसात त्याचा हात महिनाभर बांधलेला होता. मूठ स्वस्तातली वस्तू आहे, लाकडाची घरीही बनते.

तुम्हाला विनंती एवढीच की पुढच्या पुरवणीत कानशीला अर्धं पान द्या, बास्टर्ड, सेकंड कट आणि स्मूथचे दाते शेजारी शेजारी दिसतील असा मोठा फोटो छापा, म्हणजे लोकं दुकानात जाऊन नाव घेऊन मागतील आणि दुकानदारालाही ठेवा लागतील.

आपला,
एक शेतकरी वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा