एआयच्या चित्रातले घर आणि गोव्याचा पाऊस

माननीय संपादक,

घर बांधायला निघालेली कुटुंबे हल्ली एआयने काढलेले चित्र घेऊनच वास्तुविशारदाकडे येतात. काही कार्यालयांतही कामाची सुरुवात अशाच चित्राने होते. गोव्यात तरी हा क्रम उलटा करायला हवा: आधी घराचा छेद, म्हणजे घर उभे कापल्यावर आत जसे दिसेल तसे मापातले रेखाटन, काढावा, मग यंत्राला कामाला लावावे.

चित्र काढणाऱ्या एआयला मापाचे भान नसते. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंतीत चार मीटरचे मोकळे दार ते सहज दाखवते आणि वर तुळईचा पत्ता नसतो. वळचण वीतभरच बाहेर येते. वाऱ्याने पाऊस ४५ अंशांत तिरपा झाला, की वळचण जेवढी बाहेर तेवढीच भिंत तिच्याखाली कोरडी राहते. मंगळुरी कौलांना २५ अंशांहून कमी उतार दिला, तर वादळी सरींत पाणी सांध्यांतून उलटे वर चढते. दोन उतारांमधली ती देखणी पन्हळ तर फारच धोक्याची. १०० चौरस मीटर छपरावर तासाभरात १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर दहा हजार लिटर पाणी तिच्यातून जायचे असते. आंब्या-फणसाच्या पानांनी तोंड बुजले, की ते घरातच उतरते.

उत्तरेला भरपूर काच लावा, ही सूचनाही हमखास येते. माध्यान्हीचा सूर्य कधीच उत्तरेला नसतो, अशा दूर उत्तरेकडच्या देशांची ही शिकवण. पणजी १५.५ उत्तर अक्षांशावर आहे. साधारण मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत माध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो आणि मे महिन्यातली संध्याकाळची तिरीप पश्चिम-वायव्येकडून आत येते.

म्हणून जमिनीचे चढउतार, विहीर, राखायची झाडे आणि पावसाच्या पाण्याची वाट आधी नकाशावर घ्यावी. राजांगण (घराच्या मधले मोकळे अंगण), पडवी, बलकांव (दारापुढची बैठकीची ओसरी) कुठे, हे माणसाने ठरवावे. त्यानंतर पणजीची तासागणिक हवामान नोंद, म्हणजे वर्षाचे ८,७६० तास, यंत्राला देऊन वीस-तीस पर्याय तपासावेत. राजांगण एक मीटरने वाढवले तर काय, वळचण १.२ मीटर केली तर काय? हाताने आठवडे खाणारे हे काम इथे फार लवकर होते, आणि एआयचे खरे मोल मला इथेच दिसते. पण हे गणित ऊन, उष्मा, वारा सांगते; गळती सांगत नाही. ती छेदातच शोधावी लागते.

बांधकामाचे नियम मात्र चॅटबॉटला विचारून कुणी नकाशा करू नये. महाराष्ट्राचे आकडे गोव्याचे म्हणून पुढे येऊ शकतात. गोव्याची २०१० ची बांधकाम नियमावली आणि तिच्यातील दुरुस्त्या उघडून, भूखंडाच्या झोनप्रमाणे एफएआर (भूखंडाच्या क्षेत्रफळाशी बांधकामाच्या क्षेत्रफळाचे प्रमाण) आणि हद्दीपासून सोडायचे अंतर पाहावे. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याखाली नोंदणी माणसाची होते, तेव्हा चुकीचा जाबही सही करणाऱ्यालाच द्यावा लागतो.

एआयच्या प्रत्येक चित्रावर ‘हे मापात नाही’ असे ठळक लिहावे आणि सोबत १:५० प्रमाणातला छेद जोडावा. वास्तुविशारदाने तो दिला नाही, तर घरमालकाने मागून घ्यावा.

— एक वास्तुविशारद, फोंडा