शिडाच्या लाकडी होडीच्या किटमधील सदोष भागांबाबत तक्रार

कोल्हापूर

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : ६४० मिलिमीटर लांबीच्या, पाण्यावर चालणाऱ्या शिडाच्या होडीच्या तीन किटमधील चुकीचे व निकृष्ट भाग बदलून मिळणेबाबत.

महोदय,

आपल्या कंपनीकडून मागवलेल्या वरील तीन किटबद्दल ही लेखी तक्रार आहे. बिलांच्या प्रती, फोटो आणि मापांचा तक्ता सोबत जोडला आहे. फोनवर तक्रार केली तेव्हा आपल्या प्रतिनिधीने ‘लाकूड नैसर्गिक असते, थोडा फरक राहणारच’ असे सांगून तुटलेल्या भागाचा फोटो मागितला. आमची तक्रार तुटलेल्या भागाची नाही. खोकी धड पोचली, वाहतुकीत काहीही मोडले नाही. खोक्यातले भाग खोक्यातल्याच ड्रॉइंगशी जुळत नाहीत, ही तक्रार आहे. मॉडेल बनवण्याचा सराव असलेल्या माणसाला हे माप घेतल्यावर कळते. पहिल्यांदाच होडी बांधणाऱ्याला मात्र आपलाच हात बसला नाही असे वाटते आणि तो अर्धवट सांगाडा माळ्यावर टाकून देतो. म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहोत.

सर्वांत गंभीर दोष तळाच्या वजनाचा आहे. ड्रॉइंगमध्ये कीलच्या (होडीच्या तळाच्या कण्याच्या) पात्याखाली ९०० ग्रॅमचा शिशाचा गोळा दाखवला आहे. किटमध्ये आलेल्या गोळ्याचा आकार ड्रॉइंगप्रमाणेच आहे, पण गुजरीतल्या सराफी काट्यावर त्याचे वजन ५७१ ग्रॅम भरले. मापपात्रात बुडवल्यावर पाणी ७९ मिलिलिटर चढले, म्हणजे घनता साधारण ७.२. शिशाची घनता ११.३४ असते. रंगाच्या थरावरूनच लोहचुंबक लावला तरी तो चिकटतो, शिशाला चिकटला नसता. गोळा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा आहे. शिवाजी उद्यमनगरात ज्याने चार दिवस ओतकाम पाहिले आहे त्याला हे हातात घेताच कळेल. कोल्हापूरच्या गिऱ्हाइकाला बीड शिसे म्हणून खपेल अशी अपेक्षा ठेवू नये.

हा फरक नुसता ३२९ ग्रॅमचा नाही. पाण्यात बुडालेल्या गोळ्याचे वजन त्याने सारलेल्या पाण्याइतके कमी होते. शिशाचा गोळा पाण्याखाली ८२१ ग्रॅमच्या जोराने होडीला सरळ धरतो, हा बिडाचा गोळा ४९२ ग्रॅमच्या. म्हणजे वाऱ्याने कललेली होडी पुन्हा उभी करण्याची गोळ्याची ताकद ४० टक्क्यांनी घटली, आणि शिडांचा आकार मात्र तेवढाच राहिला. शिवाय १८०० ग्रॅम वजन धरून आखलेली होडी सुमारे ६ मिलिमीटर वर तरंगते, त्यामुळे रंगाची पाणरेषा आणि खरी पाणरेषा यांचा मेळ राहत नाही. आत वाळू किंवा छर्रे भरून वजन पुरे करावे असे आपल्या प्रतिनिधीने सुचवले. ते वजन तळापासून २०० मिलिमीटर खाली हवे, होडीच्या पोटात नव्हे. पोटात भरलेल्या वजनाने पाणरेषा जुळेल, होडी आडवी व्हायची ती होईलच. बिडाचाच गोळा ठेवायचा तर ९०० ग्रॅमसाठी तो १२५ घनसेंटिमीटरचा करावा लागेल आणि पाण्यात तेवढा ओढही वाढेल. शिसे विषारी म्हणून आपण ते टाळले असेल तर त्या कारणाचा आम्ही आदर करतो. पण मग शिडे लहान करायला हवी होती, ड्रॉइंग बदलायला हवे होते आणि खोक्यावर ते छापायला हवे होते. साचा तोच ठेवून धातू बदलणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

दुसरी बाब लाकडाची. खोक्यावर ‘मरीन प्लायवूडचा सांगाडा’ असे छापले आहे. कील आणि नऊही बल्कहेड (होडीला आकार देणाऱ्या आडव्या फळ्या) एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीच्या आहेत. कडेला थर दिसत नाहीत, भुसा दाबल्यासारखा एकसंध पोत दिसतो, त्यावरून हे स्पष्ट होते. शोभेच्या मॉडेलला एमडीएफ चालते, किंबहुना सपाट राहते म्हणून काही जण ते पसंतही करतात. पाण्यावर जाणाऱ्या होडीत त्याला जागा नाही. वाया जाणाऱ्या चौकटीचा एक तुकडा रात्रभर पाण्यात ठेवला, ४.१ मिलिमीटरचा तुकडा सकाळी ५ मिलिमीटरच्या वर गेला आणि कोपरा नखाने उकलू लागला. पात्याचा बोल्ट कीलमधून आरपार जातो, पाणी शिरते ते नेमके तिथून. तिथे एमडीएफ फुगले की बाहेरच्या कवचाच्या शेजारच्या दोन पट्ट्यांचा जोड उघडतो, आणि ९०० ग्रॅम लटकवणारा बोल्ट भुशात उभा राहतो. आय.एस. ७१० हे मानक मरीन प्लायवूडसाठीच आहे आणि त्यात प्लाय ७२ तास उकळून जोड तपासला जातो. त्या नावाखाली एमडीएफ विकता येत नाही.

सोबत दिलेला पांढरा गोंदही पाण्यात टिकणारा नाही. सुकलेला थेंब पाण्यात ठेवला की तासाभरात पुन्हा दुधाळ होतो. कारागीर अशा कामाला वॉटरप्रूफ फेव्हिकॉल किंवा सावकाश सुकणारे इपॉक्सी वापरतात, ते ग्राहकाने आणावे असे तरी लिहायला हवे होते. त्याहून वाईट म्हणजे पुस्तिकेतला क्रम. सातव्या पायरीत डेक (होडीची वरची फळी) चिकटवायला सांगितले आहे आणि नवव्या पायरीत ‘होडीच्या आतील बाजूस वॉर्निशचे दोन हात द्या’. डेक बसल्यावर आत ब्रश जाणार कुठून? पट्ट्यांचे काम संपले की आधी आतून इपॉक्सी किंवा वॉर्निश, विशेषतः कीलच्या दोन्ही अंगांना आणि बल्कहेडच्या कोपऱ्यांत. मग सुकाणूचा दांडा जिच्यातून जातो ती नळी. ती गळत नाही हे पाणी ओतून पाहिल्यावरच डेक. हा क्रम चुकला तर होडी आतून कुजते आणि बाहेरचा रंग शेवटपर्यंत चकचकीत राहतो.

आता सांगाडा. बल्कहेडच्या खाचा ४.० मिलिमीटरच्या आहेत आणि कील ४.१ ते ४.२ मिलिमीटरची. लेझरने कापताना खाच किंचित रुंद होते हे धरूनही त्या घट्ट जातात. जोर दिला तर एमडीएफ खाचेच्या तळापासून चिरते. हे कानशीने दुरुस्त करता येते, आणि लेझरने जळालेली काळी कड गोंद धरत नाही म्हणून ती तशीही घासावी लागतेच. पुस्तिकेत त्याचा उल्लेख नाही. एवढे आम्ही चालवून घेतले असते.

बल्कहेड क्रमांक ४ चालवून घेता येणार नाही. तिची डावी बाजू उजवीपेक्षा ३ मिलिमीटर अरुंद आहे. तपासायचे असेल तर बल्कहेडची बाह्यरेषा ट्रेसिंग पेपरवर काढा आणि कागद मधल्या रेषेवर दुमडा, दोन्ही कडा एकमेकींवर बसत नाहीत हे लगेच दिसेल. तिन्ही किटमध्ये हीच बल्कहेड, हीच बाजू आणि हेच ३ मिलिमीटर आहेत. याचा अर्थ चूक कापणाऱ्या माणसाची नाही, मशीनला दिलेल्या फाइलची आहे, आणि जोवर ती फाइल दुरुस्त होत नाही तोवर निघणारे प्रत्येक किट असेच निघेल. बांधणाऱ्याला हे कळते फार उशिरा. लवचीक पट्टी बल्कहेडवरून टेकवून पाहिली की चौथ्या ठिकाणी उजेड दिसतो. नवखा माणूस पट्टी तिथे दाबून चिकटवतो आणि होडीच्या डाव्या कुशीत खळगा पडतो. तिथे पट्टीचा तुकडा चिकटवून, आकार घासून भर घालता येते, आमच्यापैकी कोणीही ती घालू शकतो. पण विकत घेतलेला भाग आधी दुरुस्त करून मग वापरायचा, तर किटला किंमत कशाची मोजायची?

बाहेरच्या पट्ट्यांबद्दल. पत्रकात २ × ६ मिलिमीटरच्या पट्ट्या लिहिल्या आहेत. व्हर्निअरने मोजता जाडी १.६ ते २.३ मिलिमीटर भरते, एकाच पट्टीच्या दोन टोकांनाही फरक आहे. शेजारी १.६ आणि २.३ ची पट्टी बसली की पायरी होते. ती पॉलिश पेपरने काढायची तर जाड पट्टी पातळ पट्टीच्या पातळीला आणावी लागते, आणि शेवटी सगळे कवच दीड मिलिमीटरवर येते. बऱ्याच पट्ट्यांत लाकडाचे धागे तिरके बाहेर निघालेले आहेत. अशी पट्टी कोमट पाण्यात वीस-तीस मिनिटे भिजवली तरी नाळेकडच्या (होडीच्या पुढच्या टोकाकडच्या) वळणावर धाग्याच्या रेषेतच फाटते. ओलाव्याचा किंवा वाफेचा काही उपयोग होत नाही, कारण दोष वाकवण्यात नसून चिरण्यात आहे. फळी धाग्याच्या दिशेला समांतर न ठेवता करवतीवर घातली की असे होते.

संख्येचे गणित साधे आहे. पाचव्या बल्कहेडवर डेकच्या कडेपासून कीलपर्यंतचा घेर १२६ मिलिमीटर, म्हणजे एका बाजूला २१ पट्ट्या, दोन्ही मिळून ४२. फाटण्या-तुटण्यासाठी दहा टक्के धरले तर ४६ हव्यात. किटमध्ये ३६ आहेत, आणि त्याही ६०० मिलिमीटर लांबीच्या. होडी ६४० ची, कुशीच्या वळणाने मोजली तर ६६० च्या आसपास. प्रत्येक पट्टीला तुकडा जोडावा लागतो, आणि तो जोड बल्कहेडवरच यावा, शेजारच्या पट्टीचा जोड त्याच बल्कहेडवर येऊ नये, ही काळजी वेगळी. याचा पुस्तिकेत एक शब्दही नाही. खेद याचा वाटतो की मूळ आराखडा चांगला आहे. नाळेपाशी घेर ७० मिलिमीटर आहे, म्हणजे प्रत्येक पट्टी तिथे ३.३ मिलिमीटरपर्यंत निमुळती करावी लागते. रुंदीच्या निम्म्याहून खाली जावे लागत नाही, त्यामुळे एकही पट्टी मध्येच सोडावी लागत नाही. ज्याने ही होडी आखली त्याला काम कळत होते. त्याच्या आखणीवर कारखान्याने पाणी फिरवले आहे.

डोलकाठीचे भोक डेकवर ६ मिलिमीटर मागे पडले आहे. कीलवरची खाच आणि डेक यांत ९० मिलिमीटरचे अंतर आहे. ड्रॉइंगमध्ये काठी सरळ उभी आहे, पण या भोकातून ती मागे कलते आणि डेकपासून ९०० मिलिमीटर उंचीवरच्या टोकाशी हा फरक ६६ मिलिमीटर होतो. मुख्य शिडाचा जोर जिथे एकवटतो ती जागा जवळपास ३० मिलिमीटर मागे सरकते. मग होडी सारखी वाऱ्याकडे तोंड वळवते, सुकाणू कायम आडवे धरावे लागते आणि वेग मरतो. रंकाळ्यासारख्या मोकळ्या पाण्यावर जोराची झुळूक आली की हलक्या गोळ्याची आणि मागे झुकलेल्या काठीची फळे एकदमच दिसतील.

शिडांच्या कापडाबद्दल तर आमच्या भागातल्या लोकांना सांगायची गरज नाही, इचलकरंजी शेजारी आहे. शिडाच्या मागच्या कडेवर सर्वांत जास्त ताण येतो, म्हणून ती कड ताण्याच्या (उभ्या) किंवा बाण्याच्या (आडव्या) धाग्याला समांतर कापतात. आपल्या दोन्ही शिडांची मागची कड धाग्यांना तिरकी आहे. हाताने ओढली तर रबरासारखी लांबते. वाऱ्यात ती सैल पडून फडफडेल आणि शीड पोटाळ होईल. कमी पन्ह्यात दोन्ही शिडे बसवून कापड वाचवण्यासाठी असे कापले गेले असावे असे दिसते. वाचलेले कापड वीतभर असेल, गेलेली शिडे दोन्ही.

आपल्या प्रतिनिधीचे दुसरे म्हणणे असे की हे किट ‘मुख्यतः शोभेचे’ आहे. तसे असते तर किटमध्ये फिरणारे सुकाणू, नळी, बोल्टचे पाते आणि वजनाचा गोळा दिलाच नसता, आणि खोक्यावर पाण्यावर धावणाऱ्या होडीचे चित्र नसते.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जाहीर केलेल्या दर्जापेक्षा कमी दर्जाची वस्तू सदोष ठरते आणि मालाच्या दर्जाविषयी खोटे वर्णन ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात देणे आपल्यावर बंधनकारक आहे. हे किट आपल्या संकेतस्थळावरूनच घेतलेले आहेत.

आमच्या मागण्या अशा. प्रत्येक किटमागे ९०० ग्रॅमचा शिशाचा गोळा, किंवा बिडाच्या गोळ्याला साजेशी लहान शिडे आणि सुधारित ड्रॉइंग. चार मिलिमीटर मरीन प्लायमधली कील आणि बल्कहेडचा पूर्ण संच, चौथी बल्कहेड दुरुस्त करून. सरळ धाग्याच्या, जाडीत ०.१ मिलिमीटरहून जास्त फरक नसलेल्या, किमान ७०० मिलिमीटर लांबीच्या ४६ पट्ट्या. योग्य भोकाचा डेक. धाग्याला धरून कापलेली शिडे. पायऱ्यांचा क्रम सुधारलेली मराठी पुस्तिका. हे एका महिन्यात शक्य नसेल तर तिन्ही किटची पूर्ण रक्कम वाहतूक खर्चासह परत करावी, किट आपल्या खर्चाने उचलावेत. पर्याय कोणता ते आपण ठरवावे, पण लेखी कळवावे.

याशिवाय एक मागणी आमच्यासाठी नाही. हे किट ज्यांना ज्यांना विकले गेले आहे त्यांची नोंद आपल्याकडे असणार. चौथ्या बल्कहेडची, डोलकाठीच्या भोकाची आणि गोळ्याच्या धातूची माहिती त्या सर्वांना कळवावी, आणि फाइल दुरुस्त होईपर्यंत विक्री थांबवावी. त्यांच्यात शाळेतली मुले असतील. त्यांची होडी पाण्यात आडवी पडली तर ती त्यांच्या हाताने पडलेली नाही, हे त्यांना आपल्याकडून कळले पाहिजे.

मुदतीत उत्तर न आल्यास कोल्हापूर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागू. ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करण्याची मुभा कायद्यात आहे. गोळा, बल्कहेड आणि पट्ट्यांचे नमुने आम्ही जसेच्या तसे जपून ठेवले आहेत. आपल्या तंत्रज्ञाने येऊन आमच्यासमोर मापे घ्यावीत, आमची तयारी आहे.

आपले,
तीन किटचे खरेदीदार, कोल्हापूर

सोबत : बिलांच्या प्रती, मापांचा तक्ता, बल्कहेड क्रमांक ४ चे ट्रेसिंग, गोळ्याच्या वजनाचे व फुगलेल्या तुकड्याचे फोटो.