आखाजीला गाडी घेऊन येतेस म्हणून

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

आखाजीला तू स्वतः गाडी चालवत नाशिकहून चोपड्याला येणार, हे तुझी आई दोन दिवस गल्लीभर सांगत फिरते आहे. हायवेची मला फारशी काळजी नाही. धुळ्याला अमळनेरचा फाटा चुकला, तर हातभरही मागे येऊ नकोस, पुढे जाऊन वळून ये. काळजी आहे ती आपल्या गल्लीची. तिथे गाडी रिव्हर्समध्येच आणावी लागते, आणि सणाचे निंबाला झोके, खाली पोरीसोरी.

तू सहा महिन्यांची असशील. अंगणात खाटेवर बिबडे वाळत होते. मी जीप मागे घेतली, आरशात सगळं मोकळं दिसत होतं. खाटेचा पाय कडाडला आणि खालून शेजारचा चार वर्षांचा पोऱ्या रडत बाहेर आला. सावलीला बसून चिंचोके खेळत होता. चाक त्याच्यापासून वीतभर लांब. चिंचोके वेचून त्याच्या मुठीत देताना माझेच हात थरथरत होते. तेव्हापासून मागे जाऊन, वाकून पाहिल्याशिवाय मी रिव्हर्स टाकलेला नाही. तूही उतरत जा. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना मागचे सेन्सर सक्तीचे झाले, तुझ्या गाडीलाही आहेत. पण खाटेच्या पायासारखी बारीक वस्तू किंवा अगदी खाली बसलेलं पोर त्यांना कळेलच असं नाही.

गाडी पूर्ण थांबू दे, क्लच तळापर्यंत दाब, दोन-तीन सेकंद थांब, मग गिअर टाक. बऱ्याच गाड्यांत पुढच्या गिअरांसारखी जुळवून घेण्याची सोय रिव्हर्सला नसते, म्हणून घाई केली की कर्रर्र आवाज येतो. पडलाच नाही तर क्लच सोडून पुन्हा दाब, जोर लावू नकोस. सपाटीवर ॲक्सिलरेटरची गरजच नाही, अर्ध्या क्लचवर गाडी सरकते. काच खाली, गाणी बंद, मान वळवून मागच्या काचेतून बघ. आणि स्टिअरिंग फिरवलं की गाडीचं तोंड उलट्या बाजूला फेकलं जातं; नानांच्या ओट्याचा कोपरा त्यानेच दोनदा फुटलाय.

अमळनेर सोडताना फोन कर. गल्लीतली पोरं मागे उभी राहून 'येऊ द्या, येऊ द्या' ओरडतील, त्यांचं ऐकू नकोस. मी उजव्या आरशात दिसेन असा उभा राहीन. आरशातून दिसेनासा झालो की लगेच ब्रेक दाब.

तुझे आप्पा