डोम कॅमेरा बसवला, पण झोन कोण सेट करणार?

मा. संपादक,
स. न.

मी सोसायट्यांमध्ये सीसीटीव्ही बसवायचं काम करतो, आणि एक गोष्ट सारखी दिसते म्हणून हे पत्र. हल्ली गेटच्या खांबावर नाहीतर गच्चीच्या कोपऱ्यात फिरणारा डोम लावतात, ३६० अंश फिरतो, झूम होतो, कमिटी खूश. गेट दिसलं, पार्किंग दिसलं की बिल पास. झोन सेट करायचं, म्हणजे चित्रातला कुठला भाग झाकायचा, कुठल्या भागाला काय नाव द्यायचं, कुठल्या भागातल्या हालचालीची सूचना द्यायची हे कॅमेऱ्याला आखून द्यायचं, मात्र राहूनच जातं, मग तोच कॅमेरा फिरता फिरता समोरच्या बिल्डिंगमधल्या बेडरूमवर जाऊन थांबतो आणि वॉचमनच्या केबिनमधल्या स्क्रीनवर ते कुणीही बघतं. मला हे अजिबात पटत नाही. २०१७ साली सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे म्हणून सांगितलं, मग शेजाऱ्यांनी एकमेकांचा तेवढा मान ठेवायला नको का?

बहुतेक फिरत्या डोमच्या मेनूत प्रायव्हसी मास्क असतो, म्हणजे चित्राचा ठरावीक भाग काळा करून झाकायची सोय. कॅमेरा खिडकीवर न्यायचा, चौकोन ओढायचा, सेव्ह करायचं. चौकोन खिडकीपेक्षा थोडा मोठाच घ्या, कारण कॅमेरा वेगात फिरला की कडेची पट्टी क्षणभर उघडी पडू शकते. आणि मास्क कॅमेऱ्यातच लावा, मग रेकॉर्डिंगमध्येही तो भाग काळाच येतो, नंतर कुणाला काढता येत नाही.

काही डोममध्ये भागांना नावंही देता येतात, डावी कड सेव्ह, उजवी कड सेव्ह, नाव ‘मागचं गेट’. कॅमेरा तिकडे वळला की ते नाव स्क्रीनवर येतं. पोलीस फुटेज मागायला आले की याचा केवढा उपयोग होतो, नाहीतर रात्रीच्या चित्रात हे कुठलं पार्किंग यावरच वाद.

मोशन झोन वेगळा, ही गल्लत फार लोक करतात. त्याने काही झाकलं जात नाही, फक्त कुठे हालचाल झाली तर मोबाईलवर नोटिफिकेशन यावं एवढंच ठरतं. अख्खं चित्र निवडून ठेवलं तर नारळाची झावळी हलली तरी मोबाईल वाजतो, लोक वैतागून नोटिफिकेशनच बंद करतात आणि खरंच कुणी भिंतीवरून उडी मारली तर कळत नाही. रस्ता आणि झाडं सोडा, गेट आणि जिना घ्या.

एक अजून, पावसाळ्याआधी सफाईला कॅमेरा काढला आणि परत बसवताना जरासा जरी वळला तरी सगळे झोन सरकतात, काळा चौकोन भिंतीवर आणि खिडकी उघडी! तेव्हा परत तपासून घ्यायलाच हवं.

सोसायट्यांची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत होते, त्यात हा विषय घ्या. आणि बिल द्यायच्या आधी समोरच्या बिल्डिंगमधल्या कुणाला तरी केबिनमध्ये बोलवून स्क्रीन दाखवा.

– एक वाचक, कोथरूड, पुणे