मंत्रिमहोदय, अनुदान तालमीच्या वेळी द्या

माननीय कला व संस्कृती मंत्री, गोवा राज्य, यांस,
स. न. वि. वि.

फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावी देवळाच्या वार्षिक उत्सवात मराठी नाटक होतं. आजोबांनी तोंडाला रंग लावला, वडिलांनी लावला, मी २६ वर्षं लावतो आहे. गोव्यात अशी गावं कितीतरी आहेत. त्या सगळ्यांच्या वतीने बोलायचा अधिकार मला नाही, पण अडचण सगळ्यांची एकच आहे.

देवासमोरच्या नाटकाला तिकीट नसतं. तियात्र, म्हणजे गोव्यातलं कोकणी संगीत नाटक, तिकिटावर चालतो, त्याचा प्रेक्षक खिशातून पैसे काढतो, आणि ते योग्यच आहे. आमचा प्रेक्षक घरची चटई घेऊन येतो. त्यामुळे खर्च निघतो तो वर्गणीतून, पावणीतून (देवाला वाहिलेल्या वस्तूंच्या लिलावातून) आणि सरकारी अनुदानातून. हे अनुदान आमच्या हाती येतं ते प्रयोग होऊन, उत्सव संपून, पुढच्या नाटकाची संहिता शोधायला लागल्यावर.

संगीत नाटक उभं करायचं तर ऑर्गनवाला लागतो, तबलजी लागतो. स्त्री भूमिका करणारी नटी दुसऱ्या तालुक्यातून येते. तालीम संपते रात्री साडेअकराला, तिला घरी पोचवायला गाडी लागते. पावसाळ्यात ऑर्गनचे सूर दमट हवेने चिकटतात, ते उघडून साफ करणारा माणूस आता शोधावा लागतो. पडदे रंगवणारे तर जवळजवळ संपलेच, त्यांच्या जागी फ्लेक्स आलं. यांतल्या कुणालाही 'सहा महिन्यांनी देतो' असं सांगता येत नाही. मग मंडळातलं कुणीतरी पतसंस्थेतून कर्ज काढतं. दोन वेळा ते मी काढलं आहे.

गेल्या खेपेची गोष्ट. आमचे रंगभूषाकार काका सत्तरी ओलांडलेले. प्रयोगाच्या रात्री रंगपटात बाकावर बसून त्यांनी वहीचा कागद फाडला, ४,५०० रुपये मिळाल्याचं लिहिलं, सही केली. बोटांचा लाल रंग त्या कागदाला लागला. सरकारी खिडकीवरून तो कागद परत आला: छापील बिल हवं, जीएसटी क्रमांक हवा. आयुष्यभर पत्र्याच्या पेटीतून रंग नेणाऱ्या माणसाकडे तो कुठून येणार? ती रक्कम अनुदानातून वजा झाली. काकांना मी हे अजून सांगितलेलं नाही.

मोठ्या कामांना आमचा विरोध नाही. पणजीत कांपालला मांडवीकाठी वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी उभी केलेली १९८३ची कला अकादमी आमचीही आहे. तिच्या मराठी नाट्यस्पर्धेत उतरायचं म्हणून गावोगावची मंडळं झिजतात. जुलै २०२३मध्ये, नूतनीकरण चालू असताना तिथल्या खुल्या रंगमंचाचं छप्पर कोसळलं, तेव्हा आमच्या तालमीत कुणाचं लक्ष लागलं नव्हतं. पण तिथल्या नाट्यगृहाला ज्यांचं नाव आहे ते दीनानाथ मंगेशकर मंगेशीचे. १९१८ साली बळवंत संगीत मंडळी काढणाऱ्यांत ते होते. गायिका केसरबाई केरकर केरीच्या, मोगूबाई कुर्डीकर कुर्डीच्या. कुर्डी साळावलीच्या धरणात गेली. या मातीत गाणं आणि नाटक रुजलं ते देवळांच्या चौकांत, आणि तो चौक आजही दर उत्सवाला गजबजतो. पैसा तिथपर्यंत वेळेवर पोचावा, एवढंच मागणं आहे.

तालमी सुरू झाल्या की निम्मं अनुदान मंडळाच्या खात्यात जमा करा. उरलेलं प्रयोगानंतर महिन्याभरात द्या. लहान कलाकारांना आणि कारागिरांना दिलेल्या पैशांसाठी बँकेतून केलेला भरणा आणि सही केलेली पावती पुरेशी धरा. प्रयोग खरंच झाला का याची खात्री हवी असेल तर आपला माणूस पाठवा, गावाला विचारा. सगळं गाव साक्षीला असतं. आणि ऑर्गन दुरुस्त करणारे, पडदे रंगवणारे जे थोडे उरले आहेत, त्यांच्या हाताखाली दोन-दोन मुलं शिकतील अशी विद्यावेतनाची सोय करा. हे मात्र लवकर व्हायला हवं, कारण शिकवणारे म्हातारे झाले आहेत.

यंदाच्या नाटकाला आपण यावं. उद्घाटन, समई, पुष्पगुच्छ काही नको. आरती झाल्यावर रात्री दहाच्या सुमारास नांदी होते. त्याआधी तासभर आलात तर रंगपटात काकांची भेट घालून देईन.

आपला,
एक हौशी नाट्यकर्मी, फोंडा तालुका