बारा शब्द आणि वाळवी

दारव्हा तालुका, जि. यवतमाळ
पोळ्याच्या आदल्या रात्री

प्रिय गजा,

बिटकॉइनसाठी, म्हणजे त्या डिजिटल नाण्यासाठी, फोनवर तू दोनदा विचारलंस, "वॉलेट कोणतं घेऊ बे?" आणि दोन्ही वेळा रेंज गेली. आता बैलांचे खांद शेकून झाले, लाइन आहे तोवर लिहून टाकतो.

वॉलेट म्हणजे नाणं सांभाळायचं ॲप किंवा यंत्र. पण आधी हे समज, की वॉलेटात पैसे नसतातच. बिटकॉइनचा हिशेब ब्लॉकचेनवर, म्हणजे जगभरच्या संगणकांवर ठेवलेल्या एकाच वहीत असतो. तुझ्याकडे असते फक्त किल्ली. ती किल्ली म्हणजे बारा इंग्रजी शब्द. सातबारा हरवला तर तलाठ्याकडून उतारा मिळतो. इथं तलाठीच नाही.

एक्सचेंजवर, म्हणजे जिथं बिटकॉइनची खरेदी-विक्री होते तिथं, ठेवलेलं नाणं म्हणजे जिनिंगवाल्याकडे टाकलेला कापूस. पावती आपली, माल त्याच्या ताब्यात. २०१४ साली जपानचं माउंट गॉक्स हे एक्सचेंज बुडालं, तेव्हा सुमारे ८,५०,००० बिटकॉइनचा पत्ता नव्हता. दोनेक लाख नंतर सापडले, बाकीचे गेले. म्हणून खरेदी तिथं कर, पण माल घरी आण.

तुला फक्त बिटकॉइन आणि तेही थोडंच ठेवायचं आहे, तर ब्लूवॉलेट हे मोबाइल ॲप घे. त्याचा कोड कुणीही तपासावा असा उघडा आहे आणि मी तेच वापरतो. जाहिरातीतल्या किंवा कुणी पाठवलेल्या लिंकवरून मात्र घेऊ नको, नकली ॲप लय फिरतात. रक्कम वाढली की ट्रेझरसारखं, किल्ली मोबाइलबाहेर जपणारं वेगळं यंत्र बघू. ते जुनं, वापरलेलं घ्यायचं नाही, आणि डब्यात शब्द आधीच लिहून आले असतील तर समज, कुणीतरी जाळं लावलंय.

आता माझी फजिती. शब्द वहीच्या पानावर लिहिले, पान शेतीच्या फायलीत, फाइल माळ्यावरच्या लाकडी पेटीत. गेल्या भादव्यात पेटी उघडली तर वाळवी! सातव्यापासून अकराव्यापर्यंतचे शब्द मातीत गेलेले. मोबाइल शाबूत होता म्हणून ॲपमधून तेच शब्द पुन्हा बघता आले. त्याच आठवड्यात तो पऱ्हाटीच्या फवारणीत पाण्याच्या टाकीत पडला असता, तर बायकोला काय सांगितलं असतं कोण जाणे.

मग ट्रॅक्टरच्या गॅरेजातून अक्षरांचे पंच मागून आणले आणि स्टीलच्या पट्टीवर स्वतः ठोकले. गॅरेजवाला म्हणे, "आणा भाऊ, मीच ठोकून देतो." नाही म्हटलं. ज्याला शब्द दिसले त्याचं नाणं झालं. एक सोय आहे. हे बारा शब्द ज्या ठरलेल्या यादीतून येतात तिच्यात २,०४८ शब्द आहेत आणि प्रत्येकाची पहिली चार अक्षरं वेगळी. म्हणजे जास्तीत जास्त ४८ अक्षरं ठोकायची. क्रम चुकवू नको. यादी जपानी, कोरियन, चेकमध्येही आहे, मराठीत नाही. त्यामुळे स्पेलिंग दोनदा तपास. एक पट्टी घरी आहे, दुसरी आईच्या माहेरी, कुलपात. फोटो काढायचा नाही. मोबाइल तो परस्पर क्लाउडवर चढवतो.

पट्टी झाली की पाचेकशे रुपयांचं नाणं टाक, ॲप काढून टाक, आणि पट्टीवरचे शब्द वाचून वॉलेट पुन्हा उभं कर. रक्कम दिसली तरच पुढचं टाक. नाणं पाठवताना पत्त्याची, म्हणजे ज्या खात्यावर ते जाणार त्या लांबलचक अक्षर-आकड्यांच्या ओळीची, सुरुवातीची आणि शेवटची अक्षरं जुळव. चिकटवलेला पत्ता बदलणारे व्हायरस असतात.

खासगीपणाचं म्हणशील तर ती वही साऱ्या जगाला उघडी आहे. एकच पत्ता सगळ्यांना दिलास तर कुणीही तुझी जमा मोजेल, म्हणून दरवेळी नवा पत्ता दे. एक्सचेंजकडे तुझा पॅन आहेच, तिथून लपणं नाही. नफ्यावर ३० टक्के कर आहे, विकताना १ टक्का टीडीएस, दोन्ही २०२२ पासून. तोटा मात्र कशातूनच वजा होत नाही, हे मला अजून पटलेलं नाही.

पंच अजून माझ्याकडेच आहेत. तान्हा पोळा झाला की ये. पट्टी तूच ठोक, मी ओसरीवर बसतो.

तुझा,
दिन्या